डाव्या पिळाची गोटी

वारज्याच्या एका सोसायटीत, तिसऱ्या मजल्यावर, श्यामसुंदर मेहेंदळ्यांच्या दाराला पाटी होती : 'गोट्या विकत घेतल्या जात नाहीत. ओळखून दिल्या जातात. मत विचारावे, वाद घालू नये.' तरी लोक यायचे आणि विचारायचेच, "काका, या कितीला जातील?" मग मेहेंदळे दाराची साखळीही न काढता म्हणायचे, "वाचता येत नसेल तर आधी शाळेत जा."

माणूस अडुसष्ट वर्षांचा. प्रयोगशाळेची काचेची उपकरणं बनवणाऱ्या एका कंपनीत त्यांनी तपासनीस म्हणून पस्तीस वर्षं काढली. नळीतला केसाएवढा तडा हेरायचा आणि समोरच्याला चारचौघांत उघडं पाडायचं, हेच काम. निवृत्तीनंतर पगार थांबला, सवय थांबली नाही. डोळ्यांना अजून चष्मा नव्हता आणि त्याचाही त्यांना भारी तोरा होता. जुन्या काचेच्या गोट्या ओळखण्यात पुण्यात आपल्या तोडीचा कुणी नाही, असं त्यांचं मत होतं. दुर्दैवानं ते खरं होतं.

त्यांची पद्धत ठरलेली. गोटी कोमट पाण्यात धुवायची, मलमलीनं पुसायची आणि उत्तरेच्या खिडकीत भिंगाखाली फिरवायची. यंत्राची असेल तर रंग जिथे दुमडून मिटतो तिथे बारीक शिवण दिसते. हाताची असेल तर तिला बेंबी असते. तापल्या कांडीवरून कात्रीनं तोडलेल्या जागेचा खरबरीत वण, त्याला मेहेंदळ्यांनी दिलेलं हे नाव. "बेंबी नाही तिला आई नाही," असं म्हणून ते यंत्राची गोटी एका बोटानं बाजूला ढकलायचे. आत रंगीत पाकळ्या असलेल्या जपानी गोट्यांना ते फरसाण म्हणायचे. देशी गोट्यांना तर काहीच म्हणायचे नाहीत. सोड्याच्या बाटलीपलीकडे या देशाला गोटी जमलीच नाही, हे त्यांच्या व्याख्यानातलं ठरलेलं वाक्य होतं आणि त्यावर लोक हसायचेसुद्धा.

व्याख्यानाच्या शेवटी मखमली डबीतून 'राणी' निघायची. १९९१ साली जुन्या बाजारात, गंजक्या कुलपांच्या ढिगात ती मेहेंदळ्यांना सापडली होती. आत पांढऱ्या जाळीचा गाभा, भोवती तांबडे दोरे, आणि त्या दोऱ्यांचा पीळ डावा. मेहेंदळ्यांनी पाहिलेल्या हजारो हातगोट्यांचा पीळ उजवा, ही एकटीच डावी. जर्मन, अंदाजे १८८०, असं त्यांनी जाहीर केलं आणि परदेशातल्या दोन मासिकांनी ते छापलं. त्यांची सगळी पत त्या एका गोटीवर उभी होती.

जानेवारीतल्या एका सकाळी आम्रपाली ओव्हाळ आली. पन्नाशीची बाई, भूमी अभिलेख कार्यालयात अधिकारी. कागदावर नाव लागणं म्हणजे काय, हे तिला चांगलं ठाऊक होतं. तिच्या हातात बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता.

"सर, माझ्या वडिलांच्या गोट्या आहेत. धोंडिबा ओव्हाळ. काच कारखान्यात भट्टीवर होते. शनिवारची पाळी संपली की कुंडीत उरलेल्या काचेच्या रसाची एक गोटी करायचे."

"म्हणजे खरकट्याची."

"हो," ती म्हणाली. "खरकट्याचीच."

येत्या शनिवारी शहरात जुन्या काचकामाचं प्रदर्शन भरणार होतं. या गोट्या तिथे मांडायचं ठरलं होतं, पण खाली कारागिराचं नाव लावायचं तर आयोजकांना मेहेंदळ्यांची चिठ्ठी हवी होती. तेवढ्यासाठी ती आली होती.

मेहेंदळ्यांनी डबा उघडला आणि त्यांचा हात तिथेच थांबला. एकोणीस गोट्या होत्या. पांढऱ्या जाळीचे गाभे, तांबडे दोरे. त्यांनी एक उचलून खिडकीत धरली. पीळ डावा होता. दुसरी धरली, तिसरी धरली. सगळ्या डाव्या.

"आप्पा डावखुरे होते," आम्रपाली म्हणाली. "कांडी उलटी फिरवायचे. बाकीचे चिडवायचे त्यांना."

मेहेंदळ्यांनी गोटीवर भिंग धरलं. काचेत हिरवट झाक होती. इथल्या वाळूतल्या लोखंडाची झाक, ती जर्मन काचेला कधीच येत नाही. राणीलाही ती होती. जुनेपणानं आली असेल, असं त्यांनी तीस वर्षं स्वतःला बजावलं होतं. आता त्यांना क्षणभरात सगळं कळलं. एखादी गोटी कुणीतरी कारखान्यातून उचलून भंगारात घातली असेल, आणि ती आपण देशोदेशी मिरवली. या बाईच्या बापाचं नाव लागलं तर राणी गेली, मासिकं गेली, व्याख्यानं गेली. पुणं हसेल, आणि पुणं कसं हसतं हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत?

"जर्मन आहेत," ते म्हणाले.

"सर, मी लहानपणी त्यांना करताना पाहिलंय."

"लहानपणी मी बागुलबुवासुद्धा पाहिलाय. असल्या कामाला पिढ्यांची तालीम लागते, बाई. भट्टीत कोळसा ओढणाऱ्याचं हे काम नव्हे."

आम्रपालीचा चेहरा आवळला, पण आवाज चढला नाही. "पंचवीस वर्षं धगीकडे बघून त्यांचे डोळे गेले, सर. गेल्या वर्षी ते वारले. एवढं नाव लागलं असतं तर..."

"तर काय, त्यांना वाचता आलं असतं?"

असं बोलून गेल्यावर एखाद्याला लाज वाटली असती. मेहेंदळ्यांनी पेनचं टोपण काढलं आणि लिहिलं : 'जर्मन बनावट. कारागीर अज्ञात.' मग पद्धतीप्रमाणे नमुना म्हणून एक गोटी ठेवून घेतली. सर्वांत देखणी, बरोबर सात दोऱ्यांची.

"ती नको, सर," आम्रपाली पहिल्यांदाच घाईनं म्हणाली. "दुसरी कुठलीही घ्या. ती शेवटची आहे. दिसत नव्हतं तेव्हा केलेली. ती अजून निवाली नाही, कुणाला देऊ नको, असं आप्पांनी सांगितलंय."

"काच एका रात्रीत निवते. तुमच्या आप्पांना एवढंही माहीत नव्हतं, यातच आलं सगळं."

तिनं पुढे केलेला हात मागे घेतला. "मग ठेवा," म्हणाली, आणि डबा बंद करून गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी सुरुचीबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, विचारलं, "अहो, टेबलाच्या खणात इस्त्री ठेवलीत की काय? लाकूड तापलंय."

मेहेंदळ्यांनी खण उघडला. सात दोऱ्यांची गोटी कोमट होती, नुकत्याच पिऊन ठेवलेल्या चहाच्या कपाइतकी. खिडकीतून ऊन येत असेल, ते म्हणाले. खिडकी उत्तरेची होती.

तिच्या शेजारच्या कप्प्यात एक खरी जर्मन गोटी होती, नोंदवहीत क्रमांक ४०. तिचे निळे दोरे डावीकडे वळलेले दिसले. नोंदवहीत स्वच्छ लिहिलं होतं : पीळ उजवा. आपल्या हातून चूक होत नाही, तेव्हा ही चूक वहीची, असं ठरवून त्यांनी खाडाखोड केली.

बुधवारी अशा नऊ निघाल्या. गुरुवारी एकतीस. त्यांनी जुने फोटो काढले, स्वतःच काढलेले, मागे तारखा घातलेले. फोटोंतला पीळही डावा होता. त्यांनी परदेशी मासिक उघडलं. पान सत्तावीसवर त्यांचीच उजव्या पिळाची एक गोटी छापली होती. तीही फिरली होती.

"सुरुची, जरा बघ गं, हे दोरे कुठे वळतात?"

"मला काय कळतंय त्यातलं? चाळीस वर्षं तुम्हीच सांगत आलात." तिनं वाकून त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "पण तुमचं तोंड असं का भाजल्यासारखं झालंय?"

शुक्रवारी संध्याकाळी त्यांनी कोरी चिठ्ठी पुढे घेतली. प्रदर्शन उद्या होतं, अजून वेळ होता. 'धोंडिबा' एवढं लिहिलंही. अक्षर वाकडं आलं, तेव्हा त्यांचं लक्ष गेलं की पेन डाव्या हातात आहे. त्यांनी ते टाकून दिलं. अंगावर काटा आला, पण राग त्याहून मोठा होता. एका भट्टीवाल्यासाठी मी माझी राणी घालवू? हट्! त्यांनी चिठ्ठीचे तुकडे केले.

शनिवारी आम्रपालीचा मेसेज आला. 'सर, फलक लागला. कारागीर अज्ञात. पाहून आले.'

मेहेंदळ्यांना तो नीट वाचता आला नाही. अक्षरांवर दुधासारखं काही पसरलं होतं.

सोमवारी सकाळी सुरुचीबाई त्यांना स्वारगेटजवळच्या डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेल्या. डॉक्टर उल्का तरुण होती, बोलकी होती. तिनं त्यांची हनुवटी यंत्रावर टेकवली, खोलीतला दिवा मालवला आणि भिंगातून पाहू लागली.

मग तिनं भिंग पुसून पुन्हा पाहिलं.

"काका, किती वर्षं होतात भट्टीवर?"

"काय?"

"असा मोतीबिंदू मी फक्त पुस्तकात पाहिलाय. काचभट्टीच्या धगीनं होतो. वीस-पंचवीस वर्षं रोज आगीत बघावं लागतं."

"मी तपासनीस होतो," मेहेंदळे म्हणाले. "भट्टीच्या आसपाससुद्धा कधी गेलो नाही."

"हं." तिनं यंत्र थोडं पुढे सरकवलं. त्यांच्या गालांना ऊब लागली. मग ऊब वाढली.

"आणि आत हे काय आहे? दोरे दिसताहेत. तांबडे. पाच, सहा... सात. डावीकडे पिळलेत." तिचा आवाज हलका झाला. "आणि खाली तोडल्यासारखा वण. आधी कुणाकडे ऑपरेशन झालंय का? फार सुरेख हात आहे हो. कुणाचं काम आहे हे? मला कार्डावर नाव लिहायचंय."

मेहेंदळ्यांना नाव माहीत होतं. ते ओठापर्यंत आलं.

"अज्ञात," ते म्हणाले.

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. कुठेतरी बटण वाजलं.

"बरं, आता माझ्याकडे बघा, काका."

"आधी दिवा तर लावा."

"लावलाय, काका," डॉक्टर म्हणाली.