केळं, वाटाणा आणि नवस

सर्वेश आणि कल्पिताचं लग्न ठरलं.

हे वाक्य तुम्ही वाचलेलं नाही. असं काही झालेलंच नाही. या घडीला त्या दोघांना एकमेकांची नावंही माहीत नाहीत. ते अंधेरीत, जिमच्या पावडरी विकणाऱ्या एका दुकानात शेजारी शेजारी उभे आहेत आणि कल्पिताच्या पोटातून टेम्पो रिव्हर्स घेतल्यासारखा आवाज येतो आहे.

दुकानदाराने प्रेमाने दुधाच्या प्रोटीनचं सॅम्पल पुढे केलं होतं. दूध आपल्याला पचत नाही हे सांगायची लाज वाटून तिने ते पिऊन टाकलं होतं. आता तिला जास्तच लाज वाटत होती. शेजारचा उंच, काडीसारखा मुलगा चटकन छताकडे बघू लागला.

"एसी फार आवाज करतो ना यांचा," तो म्हणाला.

दुकानात एसी नव्हता.

कल्पिताला तो तिथेच आवडला... आणि तिथेच जमिनीत गडप व्हावंसंही वाटलं.

"तुला पण दूध चालत नाही?" त्याने हळूच विचारलं.

"नाही. तुला?"

"दूध नाही, अंडं नाही. मटण-मासे तर नाहीच नाही. मला फक्त वाटाण्याची पावडर."

वाटाण्याच्या पावडरीचा दुकानात एकच डबा उरला होता आणि त्यावर दोघांचेही हात होते. बोटं लागली. कुणीच हात काढला नाही. शेवटी दोघांत एक घ्यायचा आणि तिने घरी जाऊन अर्धा करून आणायचा, असं ठरलं.

"राहतेस कुठे?"

"यारी रोडच्या... साइडला."

"घरी कोण असतं?"

'मासे तर नाहीच नाही' हे तिच्या कानात अजून वाजत होतं. "आई. तिचा बिझनेस आहे."

"कसला?"

"फ्रेश प्रॉडक्ट्स."

वर्सोव्याला पोचेपर्यंत ते दोन शब्द तिला काट्यासारखे टोचत राहिले. तिची आई मथुरा अंगणात बसून वाळत घातलेले बोंबील उलटत होती. तिने मान वर करून डबा बघितला.

"समुद्रासमोर राहून वाटाणे खातेस गो?"

कल्पिताला तिच्या डोळ्यांकडे बघवेना. ती आत गेली आणि सर्वेशचा वाटा तिने जुन्या, रिकाम्या डब्यात भरला. तसलेच आणखी दोन-तीन डबे फळीवर होते, कारण त्या घरात रिकामा डबा कधी मरत नसे.

रविवारी ते मेट्रो स्टेशनखालच्या ज्यूसवाल्याकडे भेटले. पाऊस नुसता भुरभुरत होता. सर्वेशने चक्क इस्त्रीचा शर्ट घातला होता.

"भैया, दोन केळ्याचे," तो म्हणाला. "दूध नको, साखर नको. पाणी घाला आणि या डब्यातले चार चमचे."

"फिर बचा क्या?" ज्यूसवाल्याने दुःखाने विचारलं.

मिक्सर फिरला. सर्वेशने पहिला घोट घेतला आणि तो थांबला. त्याचे डोळे पाणावले. मग त्याने अख्खा ग्लास एका दमात संपवला.

"आवडलं?" कल्पिता लाजली. तिने आपल्या ग्लासात पाहिलं.

प्रेमात नजरानजर व्हावी लागते. झाली. फेसातून एक बारीक काळा डोळा तिच्याकडे टक लावून बघत होता.

जवळा! आईने चटणीसाठी भाजून जाडसर कुटलेली बारीक सुकी कोलंबी. फळीवरचा भलताच डबा तिने उचलला होता. वास तिला आला नव्हता, कारण लहानपणापासून तो वास तिच्यासाठी हवाच होता.

गप्प बसता आलं असतं. ग्लास रिकामा झाला होता, पुरावा त्याच्या पोटात होता. पण आणखी एक खोटं बोललं तर आईसमोर उभंच राहता येणार नाही, हे तिला कळलं.

"सर्वेश... ते वाटाणे नव्हते. जवळा होता. माझी आई बाजारात मासळी विकते. आम्ही कोळी. मी तुला... सॉरी यार. शिव्या घाल मला."

"माहितीये."

"काय माहितीये?"

"पहिल्याच घोटाला कळलं. मालवणचा आहे मी."

"पण तू तर मासे..."

आता त्याचे कान लाल झाले. "माझं लग्न ठरत नव्हतं. आई गावच्या देवीला नवस बोलली, पोराचं लग्न लागेपर्यंत तो मासे, मटण, अंडं काही खाणार नाही. बोलली ती, पाळतोय मी. गेल्या गटारीपासून!"

"तुला विचारलं नाही तिने?"

"मी ऑफिसात होतो."

"मग सांगायचंस ना मला!"

"काय सांगू? पहिल्याच भेटीत? बायकोसाठी मासे गहाण टाकलेत म्हणून?"

ती हसली आणि लगेच घाबरली. "म्हणजे नवस मोडला? माझ्यामुळे?"

"वाट लागली. आईला तोंडाकडे बघूनच कळतं काय खाल्लंय." तो ग्लासाच्या कडेवरून बोट फिरवत राहिला. "एक मार्ग आहे. लग्नानंतर मासे चालतात ना... मग देवीला तारीख जराशी मागे घ्यायला सांगायची."

"कसली तारीख?"

"तीच..."

"अरे, आधी मला तर विचार!"

"विचारतोय की! पहिला घोट चुकून गेला. दुसरा जवळ्यासाठी घेतला. पण केळ्यासकट अख्खा ग्लास संपवला... तो तुझ्यासाठी, कल्पिता."

तेवढ्यात तिचा फोन वाजला. मथुरा होती. "माझा जवळ्याचा डबा कुठं गेला गो?"

कल्पिताने सर्वेशकडे पाहिलं आणि रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मी आणला, आई. एक मुलगा आहे. मला आवडतो. त्याला पाजला."

"पाजला? कशात?"

"...केळ्यात."



"मुलगा कोण, कुठला, ते मागून बघू," मथुरा म्हणाली. "केळ्यात? कोळणीच्या पोरीनं जवळा केळ्यात घातला? बाजारात कुणाला बोलू नको हां. माझी लाज जाईल."

फोन बंद झाला.

"फ्रेश प्रॉडक्ट्स?" सर्वेशने विचारलं.

"फ्रेश प्रॉडक्ट्स," ती मान ताठ ठेवून म्हणाली आणि तिने त्याचा हात धरला.

मग सर्वेशने उरलेला हात छातीशी नेला, अंदाजाने कोकणाच्या दिशेला तोंड वळवलं आणि ज्यूसवाल्याच्या साक्षीने देवीकडे तोंडी अर्ज केला. विषय, विवाह मागील तारखेपासून ग्राह्य धरणेबाबत. महोदया, उपरोक्त विषयास अनुसरून, अर्जदारांचा विवाह पहिल्या घोटाच्या आधीच संपन्न झाला असे समजण्यात यावे, केळ्याचा उल्लेख कोणत्याही दप्तरी करण्यात येऊ नये, आणि सदर प्रकरण वर्सोव्याचा मासळी बाजार व चारकोप येथील अर्जदाराच्या मातोश्री यांच्यापासून कायमस्वरूपी गुप्त राहील अशी व्यवस्था व्हावी, ही नम्र विनंती.