गिझरमधलं पाणी

पाणी आणायच्या या फेरीत लोटूभाऊला काय मिळणार होतं? एक शब्द. धाकटा भाऊ गोपाल चार वर्षं त्याच्याशी बोलत नव्हता, आणि सुरतेच्या कोसाडमधल्या आमच्या चाळीस घरांच्या इमारतीला पुराने वेढलं तरी तो अबोला काही बुडत नव्हता. गोपालला मिळणार होता बायकोचा जीव. मला, म्हणजे शेजारच्या गजेंद्रला, घोटभर पाणी आणि पुढे दहा वर्षं सांगायला एक गोष्ट. निघायला सगळ्यात आधी उठलो तो मीच!

भांडणाचं कारण ऐकाल तर हसाल. लोटूभाऊ इमारतीची मोटर चालवायचा. गोपालने पिण्याच्या पाण्याने मोटरसायकल धुतली, म्हणून याने त्याच्या घराचा वॉल्व्ह बंद केला. झालं! तळमजल्यावरचा गोपाल आणि तिसऱ्या मजल्यावरचा लोटूभाऊ यांच्यात चार वर्षांची सीमा पडली.

मग धरणातून पाणी सोडलं. पाऊस वर खानदेशात, इकडे लख्ख ऊन. तिकडच्या आमच्याच गावाजवळून वाहत आलेली तापी सुरतेत आमच्याच घरात शिरली. लोटूभाऊने हुशारी केली: वीज जायच्या आत मोटर लावून गच्चीवरची टाकी काठोकाठ भरून घेतली. पण जमिनीतल्या टाकीत पूर आधीच उतरला होता, हे त्याने झाकण उघडून पाहिलं नाही. पहिला तांब्या गोपालची बायको लीला प्यायली. दुसऱ्याने तोंडाशी नेला तेव्हा गटार आणि डिझेलचा वास आला. उकळून डिझेल जात नाही. पाच हजार लिटर पाणी डोक्यावर, आणि प्यायला थेंब नाही!

तिसऱ्या दिवशी लीलाला उठवेना. उलट्या, जुलाब, डोळे खोल गेलेले. तळमजला बुडाल्यामुळे ती वर लोटूभाऊच्याच घरात, त्याच्याच खाटेवर पडलेली, आणि गोपाल मला म्हणतो, "गजेंद्रभाऊ, त्यांना सांगा, साखर-मीठ आहे, पाणी हवं."

"त्याला सांग, मला कान आहेत," लोटूभाऊ म्हणाला.

गोपालचा धंदा प्लंबिंगचा. अमरोलीच्या बाजूला बंगल्यांची एक सोसायटी होती. लोक पुराआधीच निघून गेले होते. तिथे वरच्या मजल्यावर त्याने स्वतः पंचवीस लिटरचे गिझर बसवले होते. "गिझरमध्ये पुराच्या आधीचं पाणी अडकलेलं असतं. झाकलेलं, स्वच्छ. मालकाला मी नंतर सांगेन." आमच्या इमारतीत गिझर कोणाकडे? आम्ही बादलीत विजेची कांडी टाकून पाणी तापवणारे!

गिरणीतले चार निळे ड्रम, त्यांवर गोपालच्या घराचा दरवाजा, साड्यांच्या पट्ट्यांनी करकचून बांधलेला. हातात बांबू. निघालो आम्ही तिघे.

पाणी चहाच्या रंगाचं आणि दिसायला शांत होतं. दुकानांच्या पाट्या पाण्याच्या पातळीला आल्या होत्या; एका पाटीवर कुत्रं बसून आम्हाला बघत होतं, जणू आम्हीच वेडे. विजेच्या खांबांवरून रस्ता ओळखायचा. खाडीपाशी आलो आणि तराफा आपोआप वळला! पाण्याला रस्त्याला आडवी ओढ होती. "त्यांना सांगा, डावीकडे दाबा!" "त्याला सांग, दाबतोय!" दोघांच्या मध्ये मी टेलिफोन!

कसेबसे पार झालो. बंगल्याच्या गॅलरीतून आत शिरलो. गोपालने गिझरच्या मागचा वॉल्व्ह बंद केला, वरचा गरम नळ उघडला, खालची नळी सोडली. आधी खोकल्यासारखा आवाज, मग धार. काचेसारखी! वीस लिटरचा कॅन भरला. मी ओंजळभर मागितलं. लोटूभाऊने दिलं, स्वतः घेतलं नाही. गोपालनेही नाही.

परतताना खाडीत मुळासकट बाभूळ आली. मी ओरडलो. उशीर झाला! धडक बसली. दरवाजा उभा झाला. दोन ड्रम सुटले. मी पट्टीला लोंबकळलो. कॅन घसरला आणि त्याच्यामागे गोपाल!

एका हाताने त्याने ड्रम पकडला, दुसऱ्याने कॅन. लोटूभाऊने पालथं पडून हात लांब केला. एकच हात मोकळा होता लोटूभाऊचा, दुसऱ्याने तराफा धरलेला.

"दादा, कॅन धर!"

"तू हात दे!"

"कॅन धर आधी, दादा!"

त्याने कॅन वर ढकलला. लोटूभाऊने धरला, मागे माझ्याकडे फेकला, पुन्हा वळला. ड्रम होता. गोपाल नव्हता.

एका खांबाला दोर टाकून आम्ही थांबलो. हाका मारल्या. ऊन डोक्यावरून उतरलं. पाणी पुन्हा शांत दिसत होतं.

मग लोटूभाऊ बोलला, अगदी हळू. "गजेंद्र, घरात तोंड उघडायचं नाही."

मला पोटात काही ठेवता येत नाही, हे सगळ्या कोसाडला माहीत. पण कारण मला लगेच कळलं. आमच्याकडे घरात मौत झाली की घरातलं भरलेलं पाणी ओतून देतात, शेवटच्या तांब्यापर्यंत. त्यांची आई उषाबाई या बाबतीत कडक. नवरा गेला तेव्हा तिने शेजाऱ्यांचेही हंडे रिकामे करायला लावले होते. आणि लीला? ती तरी प्यायली असती का?

जिन्यातच उषाबाई. "गोपाल कोठे शे रे?"

"तठेच थांबना, माय. दुसरा गिझर सोडी राहिना. येई उद्या." तिकडेच थांबलाय, उद्या येईल, असं लोटूभाऊने आईला बिनधास्त खोटं सांगितलं.

लीलाच्या ओठाशी त्याने चमचा नेला. एक. थांबून दुसरा. तिसरा उलटला, पुन्हा पहिल्यापासून. सातव्या-आठव्या चमच्यानंतर तिने डोळे उघडले.

"हे बोलले का तुमच्याशी, भाऊजी?"

"बोलला."

"काय म्हणाले?"

"दादा, कॅन धर म्हणाला."

ती हसली. "शेवटी कामाचंच बोलले!" लोटूभाऊही हसला. मी गॅलरीत गेलो आणि पदराने तोंड दाबून उभी असलेली रंजनावहिनी, लोटूभाऊची बायको, दिसली. तिला कोणी सांगितलं नव्हतं. नवऱ्याचं हसणं तिने ऐकलं होतं.

दोन दिवस तो हसत राहिला. "तुझा नवरा आता त्या बंगल्याचा मालक झाला," असं लीलाला सांगत पाणी पाजत राहिला. पाचव्या दिवशी होडी आली, पाण्याच्या बाटल्या आल्या. लीला भिंतीला टेकून बसली होती, पेज मागत होती. तेव्हा लोटूभाऊ तिच्यासमोर जमिनीवर बसला आणि त्याने सांगितलं.

लीलाचा आवाज मी लिहिणार नाही.

उषाबाई रडली नाही. उठली, कोपऱ्यातला कॅन उचलू लागली. झेपेना. लोटूभाऊने दुसऱ्या बाजूने हात लावला. दोघांनी मिळून उरलेलं पाणी गॅलरीतून पुरात ओतलं. कोणी अडवलं नाही.

आणलं वीस लिटर. अकरा लीला प्यायली, पाच घरातले आणि मी मिळून प्यायलो, चार तापीने नेलं. किंमत गोपालने भरली, आणि लीलाने भरली, नवरा गेल्याचं न कळता, तिला न विचारता, चमच्या-चमच्याने.