श्वास कोण मागतं?

सोमवारी बावन्न सेकंद, मंगळवारी पन्नास, बुधवारी कसेबसे चोपन्न. आणि गुरुवारी सकाळी मृणाली पाण्यातून वर आली, तेव्हा घड्याळात चक्क सत्त्याऐंशी सेकंद झाले होते.

बारा वर्षांच्या मृणालीने टाकीचा कठडा धरून आजोबांकडे पाहिलं. शाबासकी मिळेल अशी तिची खात्री होती. आजोबांनी मात्र नुसत्या भुवया उंचावल्या.

देवबागच्या किनाऱ्यापासून काही अंतरावर, समुद्राच्या तळाशी ‘शैवालघर’ उभं राहून तीन वर्षं झाली होती. सहा शास्त्रज्ञ तिथे महिना महिना राहत. घराचं दार खालच्या बाजूला, नेहमी उघडं असे; आतल्या हवेच्या दाबामुळे पाणी वर चढत नसे. बुडी मारायची, दाराच्या काठाखालून आत शिरायचं आणि डोकं वर काढायचं. यंदा प्रथमच बारा मुलांना तिथे नेणार होते. अट एकच होती, पाण्याखाली साठ सेकंद न घाबरता थांबता आलं पाहिजे. चाचणी शनिवारी होती.

मृणालीचे आजोबा, डॉ. दत्ताराम तोडणकर, यांची उभी हयात पाणबुड्यांच्या शरीराचा अभ्यास करण्यात गेली होती. किनाऱ्यावरची सरावाची टाकी त्यांच्याच देखरेखीखाली चाले. मदतीला ‘मुशी’ होती. मुशी म्हणजे हातभर लांबीचा, माशासारखा पोहणारा रोबो. पोहणाऱ्याच्या बोटाला चिमटा लावून ती रक्तातला प्राणवायू मोजत असे.

“काय गो बाय, आज वेगळं काय केलंस?” आजोबांनी विचारलं.

“बुडी मारण्याआधी भराभर पंचवीस-तीस श्वास घेतले. प्राणवायू साठवून ठेवला.”

“साठवलास? बरं. मुशी, हिचे बुडीआधीचे आकडे सांग.”

“बुधवारी शंभरात अठ्ठ्याण्णव. आज नव्व्याण्णव,” मुशी म्हणाली.

मृणाली गोंधळली. एवढ्याशा फरकात तेहतीस सेकंद कुठून आले?

आजोबा कठड्यावर बसले. “आपल्या रक्तातल्या तांबड्या पेशींत हिमोग्लोबिन (प्राणवायू वाहून नेणारं द्रव्य) असतं. साधा श्वास घेतानाही ते जवळजवळ भरलेलंच असतं. दहा जणांच्या होडीत दहा जण बसले, की धक्क्यावर कितीही गर्दी झाली तरी अकरावा बसायचा कुठे?”

“मग मी भराभर श्वास घेऊन काय मिळवलं?”

“आधी दुसरं विचार. बुधवारी तू धापा टाकत वर आलीस, तेव्हा तुझा प्राणवायू किती होता?”

“सत्त्याण्णव,” मुशीने उत्तर दिलं.

“म्हणजे जीव कासावीस झाला, तेव्हाही होडी भरलेलीच होती,” आजोबा म्हणाले. “तर मग श्वास मागत कोण होतं?”

मृणाली पाण्यात पाय हलवत विचार करू लागली. श्वासाची कामं दोन. प्राणवायू आत घ्यायचा आणि कर्बवायू बाहेर टाकायचा. श्वास रोखला की दुसरं कामही थांबतं.

“कर्बवायू साठतो,” ती हळूच म्हणाली. “तो मागतो?”

“बरोबर. पेशी काम करतात, त्यातून कर्बवायू तयार होतो आणि रक्तात विरघळतो. त्याने रक्ताची आम्लता (आंबटपणा) अगदी किंचित वाढते. मेंदूच्या देठात, म्हणजे मेंदू खाली पाठीच्या कण्याकडे उतरतो त्या भागात, काही पेशी जणू पहाऱ्यावर बसलेल्या असतात. त्यांना हा बदल लगेच कळतो. मग तिथून श्वासपटलाला (फुप्फुसांखालच्या घुमटासारख्या स्नायूला) हुकूम सुटतो, श्वास घे. तुझ्या पोटात उसळी आल्यासारखं होतं ना, तोच तो हुकूम.”

“आणि प्राणवायूवर कोणीच लक्ष ठेवत नाही?”

“ठेवतात. मानेतल्या रक्तवाहिन्यांपाशी त्याचेही पहारेकरी आहेत. पण प्राणवायू बराच घटेपर्यंत ते फारसा गलका करत नाहीत.”

मृणालीच्या डोक्यात आता एकेक दुवा जुळत गेला. “म्हणजे भराभर श्वासांनी मी प्राणवायू भरलाच नाही. आधीचा कर्बवायू बाहेर टाकला. म्हणून तो पुन्हा साठायला वेळ लागला आणि मेंदूचा हुकूम उशिरा आला.”

“आणि तेवढा वेळ प्राणवायू खर्च होतच राहिला. मुशी, आज शेवटचा आकडा?”

“एक्क्याण्णव. झपाट्याने उतरत होता.”

“तशीच थांबले असते तर?”

“शुद्ध गेली असती,” आजोबा शांतपणे म्हणाले. “आधी काही कळतही नाही. उलट बरं वाटत असतं. आणि पाण्याखाली शुद्ध हरपली, तर वर कोण आणणार?”

मृणालीचा चेहरा उतरला. “आजोबा, मी हे ऋजुताला शिकवलंय. तिला चाळीसच्या पुढे जाता येत नव्हतं. टाकीत तिची पाळी दुपारी आहे, म्हणून ती खडकातल्या डबक्यात सराव करतेय. एकटीच.”

आजोबा उठेपर्यंत मृणाली दाराबाहेर पडली होती.

ओहोटीच्या वेळी खडकांत छातीभर पाणी साचून राहायचं. मृणाली अनवाणी धावत तिथे पोचली. तळाशी ऋजुता एका दगडाला धरून बसलेली दिसली. क्षणभर तिला हायसं वाटलं. मग ऋजुताचा हात दगडावरून आपोआप सुटला आणि ती कुशीवर कलली.

मृणालीने उडी घेतली, मैत्रिणीच्या काखांत हात घालून तिचं तोंड पाण्याबाहेर काढलं. ओठ निळे पडले होते. मृणालीला ती पेलवेना, पण तिने तिचं तोंड पाण्याखाली जाऊ दिलं नाही. तेवढ्यात आजोबा पोचले. दोघांनी ऋजुताला खडकावर घेतलं. आजोबांनी तिचं नाक चिमटीत धरून तोंडाने दोनदा हवा फुंकली.

ऋजुताला जोराचा ठसका आला. तिने डोळे उघडले.

“किती झाले?” तिने विचारलं.

मृणालीला रडू फुटलं.

“एकदम बरं वाटत होतं गं,” ऋजुता म्हणाली. “श्वास घ्यावासाच वाटत नव्हता.”

तिला एक दिवस दवाखान्यात ठेवलं. संध्याकाळी मृणाली तिथे गेली आणि ही युक्ती आपण शिकवल्याचं तिने ऋजुताच्या आईला सांगितलं. मावशींनी ऋजुताच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं. मग म्हणाल्या, “मला सांगितलंस ते बरं केलंस. आता बाकीच्या मुलांनाही सांग.”

शनिवारी चाचणीआधी मृणाली टाकीसमोर उभी राहिली. होडी, कर्बवायू, मेंदूच्या देठातल्या पेशी, सगळं तिने समजावलं. खडकातल्या डबक्यात काय घडलं, तेही लपवलं नाही. शेवटी तिने विचारलं, “अशी युक्ती आणखी कोणी केली आहे?”

समोर बसलेल्या दहा मुलांपैकी चौघांनी हात वर केले.

शैवालघराच्या प्रमुख, डॉ. यास्मिन फणसोपकर, मागे उभ्या होत्या. त्यांनी चाचणी तिथेच थांबवली आणि अट बदलली. सेकंद मोजणं बंद झालं. आता टाकीत बांधलेल्या तशाच दाराच्या काठाखालून शांतपणे आत शिरून बाहेर यायचं होतं, तेही जोडीदार सोबत असतानाच. ऋजुताला डॉक्टरांनी महिनाभर विश्रांती सांगितली होती. मृणालीने आपणही तोवर थांबू असं सांगितलं आणि जोडीदार म्हणून तिचं नाव लिहून दिलं.

मुलं पाण्यात उतरू लागली. मृणाली आजोबांजवळ आली.

“प्राणवायूचे पहारेकरी इतके उशिरा जागे होतात, तर त्यांच्या आधी हाक देणारं काहीतरी हवं. मानेभोवती घालता येईल असं.”

“हवंच,” आजोबा म्हणाले. “उद्या हजारो माणसं समुद्राखाली राहायला जातील. पण ते कितीच्या आकड्यावर ओरडणार? लवकर ओरडलं तर माणूस ते काढून फेकून देईल. उशिरा ओरडलं तर उपयोग नाही.”

“मग आधी तो आकडा शोधावा लागेल,” मृणाली म्हणाली. तिने वही उघडली आणि मुशीला पहिल्या दिवसापासूनचे सगळे आकडे सांगायला लावले.