आतल्या खोलीत दिवा नव्हता

दिवेलागणीच्या आधी कंदिलाच्या काचा पुसायच्या, हे छबीचं काम होतं. घरात सगळे तिला छबीच म्हणत. शाळेतून आली, दप्तर टाकलं, की ती मागच्या पायरीवर फडकं आणि चिमूटभर राख घेऊन बसायची. काचेच्या आत सहज जाईल एवढा लहान हात घरात तिचाच होता. आदल्या रात्रीची काजळी बोटांना लागायची, मऊ, गार. मग वात कापायची, रॉकेल भरायचं, आणि सांडलं की आईची बोलणी खायची. रॉकेलचा वास हाताला असा चिकटायचा, की जेवतानाही घासाला तोच वास येई.

वडील पुस्तकं बांधायचे. पुढच्या खोलीत त्यांचं काम चाले. तिथे कागदांचे गठ्ठे, दाभण, दोरा आणि पातेल्यातली खळ. मधल्या खोलीत चूल. आणि त्याच्याही मागे आतली खोली, जिला खिडकी नव्हती. तिथे आत्या बसायची.

आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. लहानपणी तिला देवी आल्या आणि जाताना डोळे घेऊन गेल्या. चेहऱ्यावर वण, डोळ्यांत नुसता पांढरेपणा. छापून आलेल्या मोठ्या कागदांच्या घड्या घालायचं काम तिच्याकडे होतं. दिवसभर आतून कागदावर पट्टी फिरवल्याचा सरसर आवाज येत राहायचा. त्या खोलीत कधी दिवा लावला जात नसे. ‘तिला दिवा कशाला?’ असं कोणीतरी कधीतरी म्हणून गेलं होतं, आणि त्यावर पुन्हा विचार करावा असं कोणाला वाटलं नव्हतं.

आजच्या मुलांना खरं वाटणार नाही, पण तेव्हाच्या संध्याकाळी फार लांब असत. टीव्ही नाही, रेडिओसुद्धा नाही. अंधार पडला की घर आक्रसून कंदिलाभोवतीच्या पिवळ्या गोलाएवढं व्हायचं. जेवण होईपर्यंतच्या त्या वेळात छबी हळूच आत जाऊन आत्याशेजारी चटईवर बसे. आत्या तिचा हात आपल्या हातात घेई. “हं, सांग बाळे. आज काय काय बघितलंस?” मग छबी सगळं सांगायची. गाडीवरून पडलेली पोती, मास्तरांची उलटी टोपी, नळावरचं भांडण. थोडं तिखटमीठ लावूनच सांगायची. आत्या अंग हलवून हसे, आवाज न करता. त्या खोलीतल्या काळोखाची छबीला कधी भीती वाटली नाही. तो गोधडीसारखा होता, अंगावर ओढून घ्यावा असा.

मग पुढच्या मोठ्या रस्त्यावर वीज आली.

वर्गात छबीच्या शेजारी कंत्राटदाराची मुलगी बसायची. तिच्या घरी दिवे लागले. “रात्री सुईत दोरा ओवता येतो आमच्याकडे,” ती ऐटीत म्हणाली. छबी बघायला गेली. बटण दाबल्याबरोबर भिंती, छत, कोपरे सगळे एकदम पुढे आले. तिथून घरी परतली तेव्हा तिला पहिल्यांदाच आपल्या घराला वास येतो असं वाटलं. खळीचा, धुराचा, आणि कसलासा जुना.

काही दिवसांनी कंत्राटदाराची मुलगी न सांगतासवरता दारात येऊन उभी राहिली. तिची चित्रांची वही बांधायला दिली होती, ती न्यायला. वडील बाहेर गेले होते, आई नळावर. छबी वही शोधत होती. तेवढ्यात अनोळखी पोरीचा आवाज ऐकून आत्या आतून बाहेर आली. दोन्ही हात पुढे धरून, कपड्यांवर वाळलेल्या खळीचे पापुद्रे, केस सुटलेले. चेहरा आनंदानं फुललेला होता. छबीची मैत्रीण घरी आली होती ना!

“कोण गं, बाळा? ये, बघू तरी तुला,” असं म्हणत तिनं हात लांब केला, आणि तिची बोटं त्या पोरीच्या गालावर टेकली.

पोर किंचाळून मागे सरली. “ई! ही कोण?”

छबीच्या तोंडून शब्द निघून गेले. अडखळलीसुद्धा नाही ती.

“कोणी नाही. कामाला येते.”

आत्याचा हात हवेत तसाच राहिला. मग तिनं तो सावकाश खाली घेतला, कपड्यांना पुसला.

“हो बाई,” ती म्हणाली. “कामाला येते मी.” आणि भिंत चाचपत आत गेली. तिला त्या घरात भिंत चाचपत चालताना छबीनं तेव्हाच पाहिलं. एरवी ती डोळस माणसासारखी वावरायची.

त्या संध्याकाळी छबी आत गेली नाही. अभ्यास आहे म्हणाली. दुसऱ्या दिवशीही गेली नाही. जावं, पाय धरावेत, ‘चुकले’ म्हणावं, असं वाटायचं. पण दारापर्यंत गेली की कान तापायचे आणि ती मागे फिरायची. जेवताना आत्या समोर बसली की ती भराभर जेवून उठायची. जितके दिवस जात होते तितकं ते अवघड होत होतं. शेवटी ती संध्याकाळी घरी थांबेनाशीच झाली. घाईघाईनं काचा पुसायची, आणि कंत्राटदाराच्या घरी विजेच्या दिव्याखाली जाऊन बसायची.

एकदा ती परतली, तर आई चुलीपुढून म्हणाली, “आज बराच वेळ बसलीस आत्यापाशी. बरं केलंस गं. उदास दिसत होती हल्ली.”

छबीला वाटलं, आई टोमणा मारतेय. पण आईचा चेहरा सरळ होता. ‘मी नव्हते’ हे शब्द जिभेवर आले होते. पण शाबासकी मिळत होती, ती घेतली.

जेवताना आत्या खुशीत होती. “पोरीनं काय हसवलं आज मला!” ती वडिलांना सांगत होती. “ते नाव उलटल्याचं ऐकलंस का तू?” आणि मग तिनं नावेत बसलेल्या एका जाड्या माणसाची गोष्ट सांगितली. तसला माणूस छबीनं कधी पाहिला नव्हता, ती गोष्ट कधी सांगितली नव्हती. सगळे हसले. छबीही हसली.

पुढे हे रोजचंच झालं. आत्याचे केस विंचरलेले दिसू लागले. आई कौतुक करायची, वडील पाठीवर थाप द्यायचे. छबी प्रत्येक वेळी खाली बघायची, आणि सगळ्यांना वाटायचं, लाजतेय पोर.

एका संध्याकाळी मात्र ती बाहेर गेली नाही. काच पुसून कंदील लावला आणि तो हातात घेऊन चुलीपाशी उभी राहिली. आई मागच्या दारी भांडी घासत होती. आतून बोलणं ऐकू येत होतं. आधी आत्याचा आवाज. मग दुसरा.

तो छबीचाच होता. ‘स’ म्हणताना तिची जीभ किंचित दातांत अडकायची. तशीच ती आतल्या आवाजाचीही अडकत होती.

“...चुकलं माझं, आत्या. ही माझी सख्खी आत्या आहे, असं सांगायला हवं होतं मी.”

“झालं ना आता,” आत्या हसून म्हणाली. “रोज रोज काय तेच तेच? मी कधीच विसरले.”

भीती नंतर आली. आधी आली ती लाज, अंगाची आग करणारी. जे आपल्याला इतके दिवस जमलं नाही, ते कोणीतरी आपल्याच आवाजात, किती सहज...

तिनं पाय उचलला. कंदील पुढे धरून ती दारात गेली. बोलणं थांबलं.

उजेड चटईवर पडला. आत्या एकटी होती. पण तिचा डावा हात पुढे होता, आणि बोटं कशाभोवती तरी मिटलेली होती. मूठ पुरती वळत नव्हती. मध्ये लहान हाताएवढी जागा होती. चटईची शेजारची बाजू दबलेली होती, कोणी बसावं तशी.

“कोण आहे?” आत्यानं विचारलं.

“मी...”

“मी कोण?”

“मी... छबी.”

आत्याच्या कपाळाला आठी पडली. ती शेजारच्या रिकाम्या जागेकडे वळली, आणि आवाज खाली आणून म्हणाली, “बाळे, ही कोण गं?”

कंदिलाचा उजेड पोचत नव्हता त्या कोपऱ्यातून, अगदी शांतपणे, उत्तर आलं.

“कोणी नाही... कामाला येते.”

कंदील छबीच्या हातून सुटला. काच फुटल्याचा आवाज ऐकून आई धावत आली. “लागलं का? पाय उचल, पाय उचल आधी!” खोलीत आत्या, छबी आणि फरशीवर पसरलेलं रॉकेल, एवढंच होतं. तो वास किती तरी दिवस गेला नाही.

त्यानंतर आत्या छबीला ‘अहो बाई’ म्हणू लागली. “बाई, पाणी देता का?” “बाई, तुम्ही जेवलात का?” वडिलांना ती थट्टा वाटली. आईनं एकदा आत्याला विचारलं, “अहो, पोरीला असं काय म्हणता?” आत्या म्हणाली, “पोर माझ्याशेजारी असते. या बाई कामाच्या आहेत, त्यांना मान द्यायला नको?” तिच्या आवाजात राग नव्हता. तोच असता तर छबीला सोपं गेलं असतं.

छबीनं मग हट्ट धरला. घरात वीज घ्या, आणि आतल्या खोलीत सगळ्यात आधी. वडिलांनी पावसाळ्यानंतर घेतली. आतल्या खोलीत बल्ब लागला, आणि पहिल्यांदाच त्या खोलीच्या भिंती दिसल्या. आत्याच्या पाठीनं एका जागी गुळगुळीत झालेल्या. त्या दिवसापासून आतलं बोलणं थांबलं.

छबी जाऊन तिच्याजवळ बसली. धीर करून तिचा हात धरला. “आत्या, माझं चुकलं. त्या दिवशी...”

आत्यानं ऐकून घेतलं. मग अगदी हळुवारपणे आपला हात सोडवून घेतला. “तुमचं कसलं चुकतंय, बाई,” ती म्हणाली, आणि कान देऊन बसून राहिली, दुसऱ्या कोणाची वाट पाहत असल्यासारखी.

ती खंगत गेली. घड्या घालणं सुटलं. शेवटी शेवटी बल्ब लावला की ती डोळ्यांवर हात घ्यायची. “डोळ्यांवर ऊन येतंय,” म्हणायची. लहानपणापासून ज्या डोळ्यांनी काही पाहिलं नाही, त्यांना कसलं ऊन? पण आईला दया आली, आणि एका संध्याकाळी तिनं बल्ब बंद केला.

छबी चुलीपाशी उभी होती. आत जावं असं तिला वाटत होतं, आणि पाय उचलत नव्हता. आई आत गेली, बाहेर आली, पुन्हा गेली. काही वेळानं बाहेर येऊन म्हणाली, “गेली. शांतपणे गेली.”

शेजारीपाजारी जमले तेव्हा आई सगळ्यांना सांगत होती, “पोर शेवटपर्यंत हात धरून बसली होती हो. तोंडात पाणी तिनंच घातलं.” बायकांनी छबीला जवळ घेतलं. तिनं मान खाली घातली. पुढे तिच्या लग्नाच्या बोलण्यातसुद्धा हीच गोष्ट निघाली. आंधळ्या आत्याची सेवा केलेली मुलगी. सासरी तिचा त्यासाठी मान होता. तिनं तो कधी नाकारला नाही.

वडील गेल्यावर आई तिच्याकडे राहायला आली. म्हातारी झाली होती, पण डोकं लख्ख होतं. एका तिन्हीसांजेला छबी तिच्या खोलीत गेली आणि बटणाकडे हात नेला.

“राहू दे जरा,” आई म्हणाली. “एक विचारायचं होतं. कधीचं.”

“काय गं?”

“आत्या गेली ना, त्या संध्याकाळी मी आत डोकावले. तू तिच्याजवळ बसलेली. वाटीनं पाणी पाजत होतीस. मी मागे वळले...” आई थांबली. “तर तू चुलीपाशी उभी.”

छबीनं बटणाकडे नेलेला हात मागे घेतला.

“मी ओरडले नाही. आत माणूस जायला टेकलं होतं, त्याला कशाला घाबरवा? पुन्हा आत बघितलं. पुन्हा बाहेर बघितलं. तेच कपडे, त्याच वेण्या. दोघींचं तोंड उतरलेलं...” अंधारात आईचा आवाज अगदी नेहमीसारखा होता, भाजी काय करायची ते विचारावं तसा. “त्यातली माझी कोणती, ते मला नाही कळलं गं. कधीच नाही कळलं. रात्री पानं मांडली. जी जेवायला येऊन बसली, तिला वाढलं.”

बाहेर रस्त्यावरचे दिवे लागले. खोलीत मात्र काळोखच होता. छबीला बटणापर्यंत हात नेता येईना.

आई पलंगावर भिंतीकडे सरकली, तिला बसायला जागा करून देत. मग जरा वेळ कान देऊन थांबली, आणि आणखी थोडी सरकली.