कोणालाच न सांगितलेली जागा

त्या मुक्कामाची आखणी मी प्रेसिडिओ गावातल्या आमच्या घरी, स्वयंपाकघरातल्या टेबलावर केली. पाणी, फावडं, जास्तीचं चाक, सुकं मांस. त्या वाळवंटी उद्यानात नळ नाही, सावली नाही. आपण नेऊ तेवढंच आपलं. एलिसेओ, माझा नवरा, हसत म्हणाला, "टॉर्टिया थापल्यासारखा नकाशा थापतेयस. फाटेल की गं."

आमच्याकडे वाळवंटात जाणारा माणूस जागा आणि परतीचा दिवस घरी कोणाला तरी सांगून जातो. एलिसेओ सांगून जायचा ते अमपारोला, त्याच्या पहिल्या बायकोला. गुडघ्यांमुळे ती घरीच वाट पाहत राहायची. ती वारली त्याला तीन वर्षं झाली होती. तरी तो म्हणायचा, मागे कोणी वाट पाहत असलं की उघड्यावरही शांत झोप लागते. मला ते टोचायचं. शेजारी मी, आणि झोप मात्र तिच्या जिवावर.

म्हणून मी तिने कधी नावही न ऐकलेली जागा निवडली. या वेळी कोणाला सांगायचं, असं त्याने विचारलं.

"कोणाला नाही. आपण दोघंच," मी म्हणाले. तो हो म्हणाला.

कोरड्या ओढ्यात उतरताना जीपचा आस मोडला. परतीचा दिवस उलटला. कॅनच्या तळाशी उरलेलं पाणी कोमट, प्लास्टिकच्या वासाचं. एलिसेओला ताप चढला. आपण इथे आहोत हे कोणाला कळणार, असं तो पुटपुटला, आणि मी तोंड फिरवलं. दुपारी वारा पडला. इतकं शांत झालं, की त्याचा श्वास मला खडकावरून परत ऐकू येत होता.

मग इंजिनाचा आवाज आला. उद्यानाचा रेंजर कुठेही न शोधता सरळ आमच्यापाशी येऊन थांबला.

"एलिसेओसाहेब, बायकोचे उपकार माना. सकाळपासून घरून फोन करतायत. ओढा, खडक, सगळं बरोबर सांगितलं."

"त्याची बायको मीच," मी म्हणाले.

तो चपापला. "पण बाई... त्या तर म्हणाल्या, एकटाच आहे." त्याने एकाच माणसाचं पाणी आणलं होतं.

एलिसेओने अर्धी बाटली माझ्यासाठी ठेवली. मग हळूच रेंजरला विचारलं, "आवाज... कसा होता तिचा?"

वाटभर माझ्या कानात तेवढंच घुमत राहिलं.

घरी पोचलो तेव्हा ऊन होतं. कुलूप मीच उघडलं. आत फोनचा रिसीव्हर काढून बाजूला ठेवलेला. मी हात पुढे करेपर्यंत एलिसेओने तो कानाला लावला.

"पोचलो गं," तो म्हणाला. आणि ऐकत राहिला. त्याच्या चेहऱ्यावरचा सगळा शीण हळूहळू उतरत गेला. माझ्यासमोर तो असा कधी निवांत झाला नव्हता.

मग त्याने रिसीव्हर माझ्यापुढे धरला.

"घे... तुझ्याशी बोलायचंय म्हणते."