मरळीचा मधला काटा

"ओ मॅडम, मासा हाय त्यो. तांदूळ न्हाय निवडायला!"

मुरुमच्या आठवडी बाजारात चारचौघांत कुणी असं बोललं असतं, तर एरवी वैष्णवीनं पिशवी उचलून सरळ वाट धरली असती. पण बोलणारा मासेवाला हसत होता... आणि हसताना त्याचे डोळे तिच्याकडे नव्हते, तिच्या कडेवरच्या चिमीकडे होते.

"काटा राहिला तर?" ती म्हणाली. "मागं एकदा हिच्या घशात अडकला होता. उमरग्याच्या दवाखान्यात पोचेपर्यंत—"

नवरा गेल्यापासून तीन वर्षं ती, तिची शाळेतली नोकरी आणि ही लेक. रात्री चिमीचा श्वास ऐकल्याशिवाय तिला झोप लागत नसे.

शेततळ्यातले मासे विकणारा वैजनाथ हसायचा थांबला. त्यानं बारीक काट्यांचा कटला बाजूला सारला, मरळ घेतली, पाठीवरून सुरी फिरवली आणि मधला काटा अख्खाच्या अख्खा उचलून दाखवला. मग प्रत्येक तुकड्यावरून त्यानं अंगठा फिरवला. उलटा, सुलटा, अगदी सावकाश. वैष्णवी तो अंगठाच बघत राहिली.

"फ्रिज न्हाय म्हणता? मग डब्यात बर्फ, त्यावर ताटली, ताटलीवर तुकडे. उद्याच्याला खाऊन टाका."

घरात फ्रिज होता, पण तो घरमालकीण गंगम्माचा. मासळी उंबऱ्याच्या आत येणार नाही, ही खोली देतानाचीच अट. डबा आणि मासळीचा स्टोव्ह, दोन्ही जिन्याखाली ठेवावे लागले.

पुढच्या बाजाराला ती पडलेल्या चेहऱ्यानं आली. "बुळबुळीत झाला. फेकून दिला."

"धुतला व्हता?"

"चार पाण्यानं. आणि तसाच—"

"वलाच?" त्यानं कपाळाला हात लावला. "मॅडम, पाण्यातूनच आला की वो बिचारा! अजून किती आंघोळी घालता त्याला? फडक्यानं टिपायचं आन् कोरडा ठिवायचा."

ती हसली. मोठ्यानं. कितीतरी दिवसांनी.

मग दर आठवड्याला टिपून कोरडे केलेले तुकडे तिच्यासाठी वेगळे निघू लागले. गंगम्मा जिन्यावरून म्हणायची, "मासा आठवड्यातून एकदा आणतीस, आरसा मात्र रोज बघतीस की ग!"

थंडी पडली, ज्वारी हुरड्यात आली, तेव्हा वैजनाथनं तुकडे बांधता बांधता, मान वर न करता विचारलं, "रागवू नका... पर तुमच्या दोघींच्या ताटातले काटे जलमभर काढायला आवडंल मला."

वैष्णवीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तिला तो आवडत होता, यात शंकाच नव्हती. पण चिमी? दुसऱ्याच्या हातात लेक द्यायची?

"ऐतवारी तळ्यावर येते," एवढंच ती म्हणाली.

रविवारी तळ्याच्या बांधावर तीन दगडांची चूल पेटली. वैजनाथनं मीठ, हळद, काळं तिखट चोळलं, तुकडे ज्वारीच्या पिठात घोळले आणि तव्यावर सोडले. चर्रर्र... चिमी टाळ्या पिटत त्याच्या गुडघ्याला येऊन टेकली.

त्यानं एक तुकडा मोडला, फुंकर घातली. घास चिमीच्या तोंडाशी नेला आणि मध्येच थांबला. हात वैष्णवीपुढं केला.

"आदी तुमी बघा."

तिची बोटं सवयीनं पुढं गेली. घास चुरगाळून बघायचा, दोनदा, तीनदा, तेव्हा कुठं लेकीच्या तोंडात द्यायचा. तो काटा अडकल्यापासून एकदाही चुकलं नव्हतं ते...

तिनं बोटं मागं घेतली. पदरात घट्ट धरली.

"द्या तुम्ही."

"बघितलं न्हाय की—"

"तुम्ही बघितलंय ना?"

वैजनाथनं घास चिमीला भरवला. चिमी चावत होती, आणि वैष्णवीनं श्वास रोखून धरला होता.

"अजून!" चिमीनं आ वासला.

"जलमभर, म्हणाला होतात तुम्ही," वैष्णवी हळूच म्हणाली. डोळे भरले होते, तरी ओठ हसत होते. "आता माघार घ्यायची नाही हं."

"घेतो कशाला?" दुसऱ्या तुकड्यावरून अंगठा फिरवत तो म्हणाला. "फकस्त ह्यो घास चिमीचा न्हाय... तुमचा हाय."