शेवटच्या पायरीची खाच

जिन्याला काच लावणार म्हणे. आण तो मोबाईल इकडे. बघू दे.

शी. चढणाऱ्याच्या टाचा खालून दिसणार आणि घरातलं माणूस दिवसभर बोटांचे ठसे पुसत बसणार. याला कठडा म्हणायचं?

"आबा, तुम्हाला लाकडाशिवाय काही आवडतच नाही. बरं, काच राहू दे. स्टीलचा लावू?"

स्टीलचा. बस खाली. तुझ्या भावालाही बोलाव आणि दार लोटून घ्या. साडेदहा झालेत, अकरापर्यंत संपेल. मग काय लावायचं ते लावा.

ही माझ्या साडूची गोष्ट. तुमच्या आजीच्या धाकट्या बहिणीचा नवरा. तो एरवी थापा मारायचा, पण ही थाप नाही. स्वतःचीच लाज जाईल अशी थाप कुणी मारत नाही.

मी सुतार, तो स्टीलचे कठडे बसवणारा. मी त्याला पत्रा म्हणायचो, तो मला भुसा.

"काय भुसा, अजून रंधाच मारताय का?"

"हो रे पत्र्या. तुझी भांडी घासून झाली का?"

असं आमचं चालायचं.

चष्म्याच्या दुकानाचे एक मालक होते. त्यांच्या घरातला जिना एकतीस वर्षांपूर्वी मी केला होता. चौदा पायऱ्या. सागवानी कठडा, तळहाताच्या पोकळीत बसेल असा घासलेला. माझ्या वस्तादांची एक रीत होती, ती मी कधी सोडली नाही. उतरताना एकच पायरी उरते, तिथं कठड्याच्या आतल्या अंगाला अंगठ्याएवढी खाच पाडायची. सहज दिसत नाही. पण अंधारात उतरणाऱ्याचा अंगठा तिथं अडकतो आणि पायाला कळतं, अजून एक आहे.

त्या जिन्यात खाच पाडताना माझी पटाशी घसरली. खाच डावीकडे तिरकी गेली, गव्हाच्या दाण्याएवढी. कुणाच्या लक्षात आलं नाही. मीही सांगितलं नाही. आपली चूक सांगत फिरायची मला सवय नाही.

मालकांची आई वरच्या खोलीत झोपायची, संडास खाली. रात्रीतून दोनदा उतरायची. मुलगा चष्म्याचा, पण तिच्या डोळ्यांना लागेल असा चष्मा उरला नव्हता. सांधे दुखायचे म्हणून हातांना मलम चोळायची. ते मलम, तो मळ, सगळं वर्षानुवर्षं माझ्या कठड्यात मुरलं. लाकूड पितं, पोरांनो. काळं पडतं, मऊ होतं, हाताच्या ओळखीचं होतं. स्टील काही पीत नाही. जे लागेल ते तसंच वर राहतं.

मालकांच्या बायकोला त्या काळ्या लाकडाची किळस आली. साडूला बोलावलं. त्याने माझा कठडा करवतीने तोडला, तुकडे सरपणाला दिले आणि स्टीलचा पाइप बसवला. इस्पितळातल्या खाटेला असतो ना, तसला. मला कळलं तेव्हा दोन दिवस तोंडाला चव नव्हती.

अकराव्या रात्री म्हातारी पडली. जिना संपला असं समजून तिने सपाट जमिनीवर टाकावं तसं पाऊल टाकलं. एक पायरी उरली होती. कंबरेचं हाड मोडलं, नऊ दिवसांनी गेली.

"वय झालं होतं, घसरली असेल," साडू म्हणाला. सगळे तेच म्हणाले.

मग कठडा घाण व्हायला लागला.

रोज सकाळी. वरपासून खाली एक चिकट, काळपट पट्टा. फडकं फिरवलं की मळाच्या वळ्या निघायच्या, अंग चोळल्यावर निघतात तशा. त्याला मलमाचा वास, आणि त्याच्या आडून शिळ्या घामाचा. साबण लावून झाला, रॉकेल लावून झालं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मालकांची मुलगी एकदा कठडा धरून उतरली आणि स्वतःचा तळहात बघून जिन्यातच ओकली. तिची आई तिला घेऊन माहेरी निघून गेली.

मालकांनी साडूला फोन केला. "तुमचं स्टील सडतंय."

"स्टील सडत नाही, साहेब. तुमच्याच घरातल्या कुणाचे तरी हात घाण आहेत. एक रात्र बसतो आणि दाखवून देतो."

म्हणून तो गेला. चौदा डिसेंबर, गुरुवार. पिशवीत पॉलिश करायचं मशीन, टॉर्च आणि जेवणाचा डबा. मालकांनी किल्ली दिली आणि ते सासुरवाडीला झोपायला गेले. घरात हा एकटा.

नऊ वाजता त्याने कठडा पॉलिश केला. आरसा करून ठेवला. डबा खाल्ला. खालच्या पायरीवर बसला. सव्वाबारापर्यंत काही नाही. मग दिवा त्याने स्वतःच मालवला. त्याचा संशय मालकांवरच होता, दुसरी किल्ली असणार, आणि उजेडात कोण कशाला येईल?

बारा वाजून चाळीस मिनिटं.

वर आवाज झाला. चट्.

"कसला आवाज, आबा?"

चिकट तळहात स्टीलवरून सुटताना होतो तसा. लाकडावर होत नाही.

चट्...

पावलं नाहीत. नुसता हात.

चट्... चट्...

मलमाचा वास आला. मग तो दुसरा.

त्याने टॉर्च लावली. कठडा वरून काळा होत येत होता. त्याच्यापाशी कुणी नव्हतं. नुसती घाण. वीत वीत पुढे सरकत होती. तिच्या कडेने थेंब लोंबत होते, घट्ट, आणि तुटत नव्हते.

तो उठायला गेला. उठताना त्याने कठडा धरला.

तिथं चुकलं.

त्याच्या हातावर हात आला.

गार नव्हता, म्हणाला. कोमट होता. सैल कातडी, आणि कातडीच्या आत मलम भरल्यासारखं. दाबलं की बाजूला सरकणारं. त्याने हात ओढला. निघेना.

टॉर्च पडली.

मग एक अंगठा त्याच्या बोटांखाली घुसला. चाचपायला लागला. पुढे... मागे... नखाने खरवडत. पुन्हा तिथंच... पुन्हा तिथंच.

आणि तेव्हा त्याला आठवलं. कुणालाही न सांगितलेलं.

कठडा बसवला त्या दिवशी म्हातारी तो धरून सावकाश खाली आली होती. नेमकी त्याच जागी थांबली.

"बाळा, इथं एक खाच होती. ती घातली नाहीस?"

"आजी, खाचाबिचा जुन्या सुतारांच्या. आमच्या कामात हात कुठे अडकत नाही."

"अरे, पण मला कळायचं कसं, जिना संपला ते?"

"मोजा की! चौदाच तर आहेत."

असं म्हणून हसला. त्याची माणसंही हसली. म्हातारी वर निघून गेली... आणि हा बाबा नंतर लोकांना सांगत फिरला, वय झालं होतं.

आता अंगठा थांबला होता.

अंधार. कानाशी श्वास नाही, काही नाही. नुसता तो कोमट हात. वाट बघत.

साडूच्या तोंडात त्या मलमाची चव आली होती. किती वेळ गेला, त्याला सांगता आलं नाही.

शेवटी म्हणाला, "आजी..."

काही नाही.

"आजी... अजून एक आहे."

...

मग पाऊल वाजलं. त्या रात्रीतलं पहिलं. एकच. खाली, फरशीवर.

हात सुटला.

सकाळी सहाला तो माझ्या दारात उभा. उजवा हात वर्तमानपत्रात गुंडाळलेला, जसा काही दुसऱ्याचा आहे. नळाखाली बसून अर्धा तास घासत होता. धुण्याचा साबण, मग राख, मग वीट. कातडी सोलली तरी थांबेना. घासता घासता मला सगळं सांगितलं.

"भुसा, तिने मला विचारलं होतं. मी हसलो."

मला त्या हाताचीही किळस आली आणि त्याचीही. म्हटलं, "मला काय सांगतोस? जा, मालकांसमोर उभा राहा आणि सांग. नाहीतर माझ्या दारात पुन्हा पाय ठेवू नकोस."

गेला. मी त्याच्यासोबत होतो. त्याने सांगितलं, वाक्यन् वाक्य. मोजा की, हेसुद्धा. मालकांनी ऐकून घेतलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग पुन्हा काढला आणि पुसत राहिले. साडूने त्यानंतर एकही कठडा बसवला नाही. जेवायचाही डाव्या हाताने.

मी मालकांकडून किल्ली मागून घेतली आणि एकटाच जिना बघायला गेलो. मला माझ्या डोळ्यांनी बघायचं होतं.

कठडा स्वच्छ होता. वास नाही, चिकटपणा नाही, वरपासून खालपर्यंत चकाकत होता. मी वरून उतरत आलो. कठडा धरून, डोळे मिटून. पायऱ्या मोजल्या नाहीत.

एका जागी अंगठा अडकला.

डोळे उघडले. स्टील आत गेलं होतं, अंगठ्याएवढं. कानशीचा ओरखडा नाही, मशीनची खूण नाही. कडा गुळगुळीत, वर्षानुवर्षं हात लागून झिजतात तशा. मी एक पाऊल टाकलं आणि फरशी लागली.

माझ्या लाकडाची केव्हाच राख झाली होती. जुनी खाच बघून कुणी हे केलं असेल, तेही शक्य नव्हतं.

मी वाकून नीट बघितलं. खाच डावीकडे तिरकी होती. गव्हाच्या दाण्याएवढी.